विजापूरच्या सहलीत मुलांना तोफ वाचायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्या शाळांच्या सहली विजापूरकडे निघतात. शंभर किलोमीटरचा रस्ता, सकाळी निघून रात्री परत. क्रम ठरलेला असतो: गोलघुमटात जाऊन आरोळ्या ठोकायच्या, मुलुखमैदान तोफेपाशी फोटो काढायचा, वेळ उरला तर इब्राहिम रोजा. शिक्षक राजांची नावे आणि लढायांची सने सांगतात आणि भीमेचा पूल ओलांडेपर्यंत मुले ती विसरतात. या वास्तू आणि वस्तू कशा घडल्या, कोणी घडवल्या, तो कारागीर कुठून आला, हे सहसा कोणी सांगत नाही. खरे तर सांगण्यासारखे तेच आहे. म्हणून सहलींचा हंगाम सुरू होण्याआधी हे पत्र.

सोळाव्या-सतराव्या शतकात इस्तंबूलचे उस्मानी तुर्क, इराणचे सफवी, आग्रा-लाहोरचे मोगल आणि आपल्याकडच्या आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही ही सगळी घराणी एकमेकांच्या उरावर बसलेली होती. पंथ वेगळे, सरहद्दी वादाच्या, मानपानाची चढाओढ रोजची. पण ज्याच्याशी वैर, त्याचाच चितारी, त्याचाच ओतारी, त्याचेच रेशीम प्रत्येकाला हवे असे. ही चढाओढ नसती तर कारागीर आणि त्यांच्या युक्त्या इतक्या लांब पोहोचल्याच नसत्या, असे आमचे ठाम मत आहे. त्याचा सर्वांत मोठा पुरावा पंचावन्न टनांचा आहे आणि तो काही काळ आपल्या शेजारी, परंड्याच्या किल्ल्यात होता.

मुलुखमैदान तोफ विजापूरची म्हणून ओळखली जाते, पण ती ओतली अहमदनगरला, हिजरी ९५६ म्हणजे इ. स. १५४९ मध्ये, पहिल्या बुऱ्हाण निजामशाहासाठी. ओतणाऱ्याने तिच्यावर आपले नाव कोरले आहे: महंमद, आणि पुढे रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. आता त्या सालाकडे नीट पाहा. बुऱ्हाणशाहाने इराणातून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला होता. त्याचा वकील, म्हणजे राजदूत, खुर्शाह १५४५ मध्ये इराणच्या शाह तहमास्पच्या दरबारी पोहोचला होता. तोफेवरच्या लेखातही निजामशाह स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. आणि १५४८-४९ मध्येच तुर्की सुलतान सुलेमान त्याच तहमास्पवर फौज घेऊन चालून गेला होता. म्हणजे इराणच्या शाहाशी दोस्ती राखणाऱ्या राजाने आपली सर्वांत मोठी तोफ शाहाच्या शत्रूच्या मुलखातून आलेल्या ओताऱ्याकडून करून घेतली. पुढे ती परंड्याला आली. तिथून १६३२ मध्ये आदिलशाहीने विजयाची खूण म्हणून विजापूरला ओढून नेली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने आपला लेख तिच्यावर कोरवला. एकाच धातूवर तुर्की ओतारी, निजामशाह आणि मोगल बादशहा अशा तिघांच्या खुणा आहेत. मुलांना हे तीन लेख कुठे आहेत ते शोधायला लावा. वाचता आले नाहीत तरी अक्षरांची धाटणी वेगळी आहे, एवढे डोळ्यांना दिसते.

अशी तोफ ओतायची कशी, हे समजले तर त्या लेखांची किंमत कळते. त्या काळची रीत साधारण अशी. लाकडाच्या मोठ्या आसाभोवती दोर गुंडाळून त्यावर शेण, भुसा, केस मिसळलेल्या मातीचा तोफेच्या आकाराचा ठोकळा करायचा. नक्षी आणि अक्षरे मेणात घडवून त्यावर बसवायची. वरून चरबीचा हात देऊन बारीक मातीचे पातळ थर चढवायचे, प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा. शेवटी जाड माती आणि लोखंडी पट्ट्या. मग आतला ठोकळा आणि मेण काढून टाकायचे. उरतो तो साचा. त्यात मध्यभागी लोखंडी कांबीवर लिंपलेला गाभा उभा करायचा. गाभ्याच्या जागी पुढे नळी होणार. साचा खड्ड्यात बूड खाली, तोंड वर असा पुरायचा, म्हणजे दारूचा स्फोट जिथे होतो तिथे धातू वरच्या वजनाने दाबून घट्ट बसतो. तोंडाच्या वर हातभर जादा धातू ठेवायचा; मळी आणि बुडबुडे त्यात चढतात आणि तो भाग नंतर कापून टाकतात.

बिघडते ते मुख्यतः तीन ठिकाणी. साच्यात ओल राहिली तर तापलेल्या धातूने वाफ होऊन साचा फुटतो आणि भोवतालची माणसे मरतात; म्हणून सुकवण्यातच महिने जातात. गाभा बोटभर सरकला तर नळीची एक बाजू जाड, दुसरी पातळ होते आणि तोफ पातळ बाजूने फुटते. आणि पंचावन्न टन धातू एका भट्टीत मावत नाही. अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवून त्यांचे पाट एकदम सोडावे लागतात. एक भट्टी मागे पडली की आधीचा धातू साकळतो आणि दोन ओतांमध्ये सांधा राहतो. सांधा राहिलेली तोफ म्हणजे स्वतःच्याच गोलंदाजांवर रोखलेली तोफ. ही कामे पुस्तकावरून जमत नाहीत, ती हाताला माहीत असावी लागतात. म्हणूनच रूमी ओताऱ्याला दख्खनेत इतका मान होता.

मापेही सांगायला हवीत. लांबी १४ फूट ४ इंच, तोंडाचा व्यास ४ फूट ११ इंच, नळीचा व्यास २ फूट ४ इंच. म्हणजे तोंडाशी भिंतीची जाडी साडेपंधरा इंच. नळीत सैलसर बसणारा काळ्या दगडाचा गोळा धरला तर त्याचे वजन पाचशे किलोच्या आसपास भरते. हे गणित आठवीच्या मुलांना तिथेच करायला द्यावे. धातू घंटेच्या जातीचा, तांबे आणि कथील यांचा. कथील पाचवा हिस्सा धरले तरी एकट्या कथिलाचे वजन अकरा टन होते, आणि कथील दख्खनेत निघत नसे, ते समुद्रापलीकडून यायचे. कथील वाढवले की धातू लवकर वितळतो आणि साच्याच्या कोपऱ्यात नीट शिरतो, पण ठिसूळ होतो. तोफेसाठी साधारण दहावा हिस्सा कथील पुरेसे धरतात. ठिसूळ धातूची तोफ टिकवायची तर भिंत जाड ठेवावी लागते. साडेपंधरा इंच जाडीचे एक कारण तरी तिथे असावे.

आणि तिचे तोंड. जबडा पसरलेला सिंहासारखा प्राणी, दातांत सापडलेला हत्ती. हत्तींना चिरडणारा शरभ हा कल्पित प्राणी आपल्याकडच्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला आहे. विद्या तुर्कांची, पण तोंडावरचा प्राणी इथला.

याच सहलीत उपली बुरुजावरची तीस फुटांहून लांब तोफही दाखवावी, कारण ती ओतलेली नाही, घडवलेली आहे. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या शेजारी शेजारी लावून त्यावर तापवलेली कडी चढवायची. कडी थंड होताना आवळते. ही देशी लोहारांची रीत. स्वस्त, लांबच लांब तोफ करता येते, पण पट्ट्यांच्या फटींतून दाब निसटतो. लहान लोहचुंबक दोरीला बांधून हात न लावता जवळ नेला की लोखंडी कोणती आणि ओतीव कोणती ते मुलांना आपोआप कळते. ज्यांना विजापूर लांब पडते त्यांनी बार्शीवरून परंडा गाठावा. तिथल्या किल्ल्यात आजही ओतीव आणि घडीव अशा दोन्ही जातींच्या तोफा आहेत.

सोलापूरकरांनी हेही लक्षात ठेवावे की अहमदनगर आणि विजापूर यांच्या चढाओढीत आपले गाव हुंड्याच्या यादीत होते. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशाहाला दिली, त्या सोयरिकीत सोलापूरचा किल्ला कबूल झाला, दिला मात्र गेला नाही, आणि त्यावरून लढाया पेटल्या. पुढच्या पिढीत चांदबीबी विजापूरला सून म्हणून गेली तेव्हा हाच किल्ला पुन्हा हुंड्यात आला.

माणसे कशी फिरली ते थोडक्यात. १५१४ मध्ये इराणविरुद्धची चाल्दिरानची लढाई जिंकून तुर्की सुलतान सलीमने इराणचे तब्रीझ शहर घेतले आणि तिथले कारागीर इस्तंबूलला नेले. तब्रीझचाच शाहकुली पुढे सुलेमानच्या चित्रशाळेचा मुख्य झाला. तुर्की कलेतली लांब, वळणदार, सुरीसारख्या कडांची पाने त्याच्या हातची देणगी मानतात. तहमास्पचे चित्रकलेवरून मन उडाले तेव्हा मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद १५४९ मध्ये काबूलला हुमायूनकडे आले आणि मोगल चित्रशाळा उभी राहिली. अकबराच्या हमझानाम्यात, म्हणजे हमझा या वीराच्या कथांच्या ग्रंथात, कापडावर काढलेली सुमारे १४०० चित्रे होती, आज त्यांतली दोनशेच्या आसपास उरली आहेत. तहमास्पने स्वतःसाठी करवलेला २५८ चित्रांचा शाहनामा, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्याचा ग्रंथ, १५६८ मध्ये तुर्कांच्या दुसऱ्या सलीमला नजर केला. बापजाद्यांच्या वैऱ्याला एवढी मोठी भेट देण्यात तहाची गरज होतीच, पण आमच्याकडे हे होते हे दाखवणेही होते. तो ग्रंथ विसाव्या शतकात पाने सुटी करून विकला गेला, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत वाईट गोष्ट. तीनेक शतके सुलतानांच्या खजिन्यात राहिलेली वस्तू बाजाराने मोडली.

इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्याकडे इराणी कवी जहूरी होता, इराणातूनच आलेला इतिहासकार फिरिश्ता होता, आणि फर्रुख बेग हा चितारीही काही वर्षे विजापुरात होता असे अभ्यासक मानतात. पुढे त्याच फर्रुख बेगला जहांगीरने दोन हजार रुपये बक्षीस दिले. जहांगीरने आपला चितारी बिशनदास याला वकिलातीबरोबर इराणला पाठवून शाह अब्बासची हुबेहूब चित्रे काढवून घेतली, कारण सरहद्दीपलीकडचा माणूस दिसतो कसा हे त्याला बघायचे होते. त्याच्याच दरबारातल्या अबुल हसनने काढलेल्या एका चित्रात दोघे पृथ्वीच्या गोलावर गळाभेट घेत आहेत. जहांगीर सिंहावर, अब्बास मेंढीवर उभा आहे, आणि सिंह मेंढीला हळूच पश्चिमेकडे रेटतो आहे. १६२२ मध्ये अब्बासने कंदाहार घेतले. चित्रातल्या सिंहाचा काही उपयोग झाला नाही.

रेशमाची गोष्ट सोलापूरच्या मागवाल्यांना जास्त जवळची वाटेल. तुर्कांचे बुर्सा हे शहर रेशमी कापडाचे, पण कच्चे रेशीम इराणच्या गीलानमधून येई. १५१४ च्या सुमारास सलीमने इराणशी व्यापार बंद केला, व्यापाऱ्यांचा माल जप्त केला. उद्देश शाहाचे उत्पन्न तोडण्याचा, पण सूत न मिळाल्याने पहिल्यांदा माग थांबले ते बुर्साचे. १५२० मध्ये गादीवर येताच सुलेमानला ती बंदी उठवावी लागली. पुढे १६१९ मध्ये शाह अब्बासने रेशमाची निर्यात स्वतःच्या हातात घेतली आणि इस्फहानच्या जुल्फा वस्तीतल्या अर्मेनियन व्यापाऱ्यांकडे सोपवली. ज्या गावाचे पोट सुताच्या भावावर आहे, त्याला ही राजनीती वेगळी समजावून सांगायला नको.

तुर्क आणि इराणी या दोघांच्या मखमलीत फरकही मागावरचाच आहे. मखमलीला पायाचा ताणा वेगळा आणि लवेचा ताणा वेगळा. लवेचा ताणा तारांवरून वळसे घेत जातो, म्हणून तो पायाच्या ताण्याच्या पाच-सहा पट लांब लागतो आणि त्याला वेगळा ताण द्यावा लागतो. ताण सैल झाला की लव आडवी पडते, जास्त झाला की वळसे ओढले जाऊन टक्कल पडते. तुर्की विणकर लवेचे एक-दोनच रंग ठेवतात, बहुधा किरमिजी, आणि नक्षी मोठी, लांबून उठून दिसणारी. इराणी विणकर मध्येच लवेचा जुना धागा तोडून त्याच जागी नव्या रंगाचा जोडतो. त्यामुळे एकेका माणसाच्या अंगरख्याला वेगळा रंग देता येतो, पण वेळ आणि रेशीम दोन्ही फार खर्च होतात. कापड उलटे करून बघितले की तुटलेली टोके दिसतात. जॅकार्ड येण्याच्या दोन-अडीचशे वर्षे आधीचे हे काम आहे. नक्षीचे दोरे मागावर बसलेला पोऱ्या हाताने ओढत असे. गोलघुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात जुने गालिचे आहेत. ते पाहताना किनारीचा कोपरा बघावा. वेल कोपऱ्यात वळून पुढे गेली असेल तर आधी कागदावर पूर्ण नमुना काढलेला होता. मध्येच कापल्यासारखी थांबली असेल तर विणकराने अंदाजाने विणले. आपल्या चादरीचा नमुना काढणाऱ्या माणसाला हा फरक एका नजरेत कळेल, आणि मुलांबरोबर असा माणूस नेला तर फारच उत्तम.

गोलघुमटात आरोळ्यांआधी वर बघायला सांगा. आतली चौकोनी जागा प्रत्येक बाजूला सुमारे १३५ फूट, मध्ये एकही खांब नाही, आणि वर १२४ फूट व्यासाचा घुमट. मुख्य वास्तुविशारद सिनान याने एदिर्ने येथे १५७५ मध्ये पुरी केलेली सलीमिये मशीद तुर्कांचा अभिमान. तिचा घुमट सुमारे ३१ मीटरचा, आठ प्रचंड खांबांवर. विजापूरचा सुमारे ३८ मीटरचा, खांबांशिवाय. युक्ती अशी: भिंतीपासून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदतात, जणू दोन चौकोन तिरपे एकावर एक ठेवले आहेत. त्यांच्या छेदांतून चौकोनाचा गोल होतो आणि दगडी बांधकाम आतल्या बाजूला झुकते. घुमट बाहेर रेटतो, हे झुकलेले वजन आत ओढते, आणि दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. घुमटाच्या पायथ्याचा अकरा फुटांच्या आसपासचा सज्जा या झुकलेल्या बांधकामावरच आहे. सज्जात भिंतीला तोंड लावून पुटपुटलेले समोर ऐकू येते. गर्दीत काहीच कळत नाही, म्हणून दार उघडताच आत जावे.

शाळेत करून बघता येईल असे एक काम सुचवतो: अब्री कागद, म्हणजे पाण्यावर तरंगवलेल्या रंगांची नक्षी कागदावर उचलून घेणे. तीच कला तुर्क एब्रू म्हणून करतात. इराण, दख्खन, इस्तंबूल अशी ती फिरली, आणि विजापूरच्या चिताऱ्यांनी तिच्यात माणसे आणि जनावरे काढून दाखवली. हाडे दिसणाऱ्या घोड्यावरच्या स्वाराचे तसले एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मेथीदाणे रात्रभर भिजवून बुळबुळीत पाणी गाळून घ्या, पातळ ताकाइतके दाट, आणि पसरट परातीत ओता. कागदाला आदल्या दिवशी तुरटीचे पाणी लावून सुकवा, लिटरभर पाण्याला ५० ते ६० ग्रॅम तुरटी. रंग पाण्यात बारीक खलून त्यात बैलाच्या पित्ताचे थेंब टाका. शाळेत रिठ्याचे पाणी चालून जाईल. थेंब पाण्यावर पसरला पाहिजे. बुडला तर रिठा कमी, पसरून फिका झाला तर जास्त. दुसऱ्या रंगात पहिल्यापेक्षा थोडा अधिक घाला, नाहीतर त्याला जागा मिळत नाही. काडीने रेघा ओढा आणि कागद एका कोपऱ्यापासून तिरपा टेकवत न्या. एकदम टाकला तर हवा अडकून पांढरे डाग पडतात. तुरटी लावायला विसरला तर धुताना रंग वाहून जातो. मेथीचे पाणी एका दिवसात आंबते, शिळे वापरू नका. घोडा काढायचा असेल तर जो भाग कोरा हवा त्यावर आधी डिंकाचा जाड हात द्या किंवा कापलेला कागद झाकण म्हणून बसवा, आणि दुसऱ्या रंगासाठी पुन्हा तुरटी लावून पुन्हा टेकवा. इथे बहुतेकांचा कागद फाटतो, कारण ओला असतानाच घाई होते.

एक शेवटची देवघेव. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने तंबाखू आणि चिलीम बादशहापुढे ठेवली. पुढे हुक्क्याची जी बिदरी भांडी घडली त्यांच्यावर मोगली धाटणीची फुलझाडे चांदीत जडवलेली दिसतात. धातू जस्ताचा, साधारण सोळा भागांना एक भाग तांबे. नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातली माती लावली की धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच राहते. माती बदलली की रंग राखाडी येतो.

आता मागणे. एक, सहल नेणाऱ्या शाळांनी मुलांच्या हातात मोजपट्टी, वही आणि दोरी बांधलेला लोहचुंबक द्यावा आणि विजापुरात तीनच ठिकाणे दाखवावीत. सहा ठिकाणे धावत पाहण्यात काही अर्थ नाही. दोन, परंड्याच्या किल्ल्यात मुलुखमैदान तोफेचा स्पष्ट उल्लेख असलेला मराठी फलक असावा: कुठे ओतली, कोणी ओतली, १६३२ मध्ये कुठे गेली, तिची मापे काय. तीन, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात ज्या तोफा आहेत त्यांच्यासमोर निदान एवढे लिहावे की ही ओतीव आहे की घडीव, आणि नळीचा व्यास किती. मापे घ्यायला आमच्यातले कोणीही विनामूल्य येईल.

आपले,
दख्खनच्या कला-इतिहासाचे काही अभ्यासक,
सोलापूर